उपग्रहाला खंभातचं आखात अवघड का जातं?

बडोद्याहून भावनगरला जायचं तर खंभातच्या आखाताला वळसा घालावा लागतो. 2017च्या ऑक्टोबरात दहेज-घोघा फेरीबोट सुरू झाली, पुढच्या वर्षी तिच्यातून गाड्याही जाऊ लागल्या आणि तो वळसा वाचला. पण दहेजच्या बाजूला गाळ साचत गेला, बोटीला पुरेसं पाणी मिळेना, सेवा बंद पडली. नोव्हेंबर 2020 मध्ये पुन्हा फेरी निघाली ती घोघ्याहून हजिऱ्याला. सुरतेची सोय झाली. आपण बडोदेकर पुन्हा हायवेवर.

हा गाळ नर्मदा, तापी, साबरमती आणतात. आणि जिच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं पाणी बडोदं पितं, ती महीसुद्धा. आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी चढतच राहतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर धावत असेल तर गाळाला एका जागी उसंत कुठली? काल जिथून बोट सुखाने गेली तिथे काही महिन्यांनी गाळाचा दांडा वर आलेला असतो. त्यामुळे बंदरवाल्यांना तळ पुन्हा पुन्हा मोजावा लागतो, सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र, लावलेली बोट फिरवून. काम खर्चाचं आणि वेळखाऊ. मग उपग्रह कशाला आहेत?

उपग्रहाला गढूळ पाण्यातला तळ दिसत नाही. मासाही दिसत नाही. त्याला कळतो तो पाण्याचा रंग, पृष्ठभागाचं तापमान, उंची आणि खडबडीतपणा. बाकी सगळा माणसाने लढवलेला तर्क.

खुल्या समुद्रात हा तर्क छान जमतो. 26 मे 1999 रोजी इस्रोने ओशनसॅट-1 सोडला. समुद्राचा रंग पाहणारी त्याच्यावरची यंत्रणा आपल्या शेजारच्या अहमदाबादेत, स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये तयार झाली होती. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमधलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं. त्यामुळे निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचं प्रमाण पाहिलं की माशांचं खाणं कुठे आहे याचा अंदाज येतो. त्याला तापमानाची जोड द्यायची. गार आणि कोमट पाणी भिडतं त्या पट्ट्यात मासळी गोळा होण्याची शक्यता जास्त. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था यावरून कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर जावं हे मच्छीमारांना त्यांच्या भाषेत कळवते. मासळी मिळेलच याची हमी कुणी देत नाही, पण वेरावळच्या तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचं, शोधात जळणारं डिझेल वाचतं. पावसाळ्यात ढगांमुळे रंग दिसत नाही. अर्थात पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीबंदीच असते, म्हणजे तेव्हा फारसं अडत नाही.

खंभातच्या आखातात मात्र हेच गणित फसतं. गाळाचे कणही प्रकाश परतवतात आणि सूत्राला वाटतं, हरितद्रव्यच भरपूर आहे! इथे लाल आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाकडे वळावं लागतं. त्यावरून पाण्यात गाळ किती तरंगतोय आणि कुठे सरकतोय ते बऱ्यापैकी कळतं.

तळाचं काय? त्यावर एक सुंदर युक्ती आहे. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. ढाढर नदीच्या मुखाची वेगवेगळ्या दिवसांची चित्रं शेजारी ठेवा. एकात काठापर्यंत चहाच्या रंगाचं पाणी, दुसऱ्यात मैलभर उघडा चिखल आणि त्यात शिरांसारखे फाटे फुटलेले ओहोळ. पाण्याची कड म्हणजे त्या क्षणीची समान उंचीची रेषा. भरतीच्या तक्त्यावरून ती उंची काढायची, आणि अशा कितीतरी कडा एकावर एक रचल्या की ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सगळ्या पट्ट्याचा चढउतार तयार होतो.

यात एक मेख आहे. हे उपग्रह नेहमी स्थानिक सूर्यवेळेने सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे इथल्या घड्याळात अकरा वाजून गेल्यावर, डोक्यावरून जातात. उधाणाची भरतीही एखाद्या ठिकाणी साधारण ठरलेल्या वेळीच येते, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. मग काही ठिकाणी उधाणाची तळातली ओहोटी उपग्रहाच्या वाट्याला येतच नाही. कितीही वर्षं चित्रं जमवा, शेवटचा पट्टा कोराच. आणि कायम पाण्याखाली राहणाऱ्या, जहाजांच्या वाटेला सोनारशिवाय पर्याय नाहीच. बोट आधी कुठे पाठवायची, एवढं मात्र चित्रं सांगतात. माझ्या मते तेही कमी नाही.

रात्री किंवा ढगांत उपग्रहावरचं रडार कामाला येतं. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत येणारं परदेशी खनिज तेल कच्छच्या आखातात वाडीनारला जहाजांतून उतरतं आणि तिथून पाइपलाइनने येतं. त्याच आखातात प्रवाळ आहेत, सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. सांडलेल्या तेलाचा तवंग बारीक लाटा दाबतो, गुळगुळीत पाण्यावरून रडारच्या लहरी उपग्रहाकडे फारशा परतत नाहीत, म्हणून रडारच्या चित्रात तो काळा दिसतो. पोलादी जहाज चकाकतं. पण वारा पडला की स्वच्छ पाणीही तसंच काळं दिसतं. म्हणून डाग दिसला की आधी त्या वेळचा वारा तपासतात, डागाचा आकार पाहतात, जवळून कोणतं जहाज गेलं ते त्याने रेडिओवरून पाठवलेल्या ओळखीवरून शोधतात. तरीही शंका राहिली तर विमान किंवा बोट पाठवून बघण्याला पर्याय नाही.