कमिट मेसेजची ही कटकट आली कुठून?

जळगाव-भुसावळकडची आपली पोरं आता ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टला पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवायला लागलीत, आणि कोड बरोबर असूनही पॅच परत येतो, का तर कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबत लिहायच्या शेऱ्यात, नुसतं "फिक्स" लिहिलेलं. पोरगं वैतागतं, कोड चालतोय ना भो, मग अजून काय पाहिजे?

ही कटकट गिटने (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरने) काढली असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती लई जुनी. १९७२ ला बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंडने एससीसीएस हे असंच इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर बनवलं, त्यातच बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची नोंद राहायची. मग त्याच कामाचे आरसीएस, सीव्हीएस आले. त्यांच्यात इतिहास फाईलनिहाय, म्हणजे एका कामात पाच फाईली बदलल्या तर तोच शेरा पाच ठिकाणी, आणि पूर्ण बदल एकत्र बघायचा म्हटलं की डोक्याला ताप.

आजची पद्धत मात्र लिनक्स कर्नेलवाल्यांची, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहिणाऱ्यांची. तिथं पॅच ईमेलने जायचे (अजूनही जातात), पाठवणाऱ्याला कोणी ओळखत नाही, त्यामुळे विषयाच्या ओळीत काम काय आणि खाली कारण, एवढ्यावरच समोरचा ठरवणार घ्यायचं का नाही. एससीओ कंपनीने कोडच्या मालकीवरून कोर्टकचेरी सुरू केल्यावर २००४ मध्ये "साइन्ड-ऑफ-बाय" ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी पाठवणाऱ्याची सही, आली. कर्नेलवाले इतिहास ठेवायला वापरायचे ते बिटकीपर फुकटात वापरायची सोय बंद झाली म्हणून एप्रिल २००५ मध्ये लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं, आणि मेलची सवय त्यात तशीच उतरली. पॅच मेलसाठी काढला की कमिटची पहिली ओळ आजही मेलचा सब्जेक्ट होते, म्हणून तिच्याखाली एक ओळ रिकामी सोडायची. पहिली ओळ ५० आणि खालच्या ओळी ७२ अक्षरांत, हे आकडे टिम पोप नावाच्या प्रोग्रामरने २००८ मध्ये लिहिल्यावर सगळीकडे पसरले. ७२ का, तर गिट लॉग (इतिहास दाखवणारी कमांड) डावीकडे चार जागा सोडतो, उजवीकडे तेवढ्याच धरल्या की ८० अक्षरांचा टर्मिनल भरतो. ५० चा आकडा माझ्या मते जरा जास्तच कडक, मराठीत तर नावं लिहितानाच संपतो.

आता समजा केळीभावाच्या ॲपमध्ये कुठंतरी शंभरने भागलंय. गिट ब्लेम (कुठली ओळ कोणत्या कमिटमध्ये बदलली ते सांगणारी कमांड) मारून त्या कमिटचा मेसेज बघितला तर "फिक्स". तिथंच "रावेरचा भाव क्विंटलचा येतो, आपण किलोचा दाखवतो, म्हणून १०० ने भागलं" असं असतं तर विषय संपला असता. एका खोलीत बसून काम चाललंय तोवर विचारून भागतं, पण लिहिणारा हिंजवडीला नोकरीला लागतो आणि मग फोनही उचलत नाही.