दवाखान्यातला कचरा आमच्या गाडीत येण्याआधी
(छोटे दवाखाने, दातांचे दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्यासाठी)

तुमच्याकडचा वैद्यकीय कचरा विल्हेवाटीसाठी गोळा करणारी आमची माणसं पिशवीवरचा बारकोड स्कॅन करतात, वजन नोंदवतात आणि पिशवी गाडीत ठेवतात. ती उघडून आतलं निवडत नाहीत. तसं करणं धोक्याचं आहे. म्हणून इंजेक्शन जिथे दिलं, ड्रेसिंग जिथे बदललं, तिथेच आणि लगेच वर्गवारी व्हायला हवी. दिवसभराचा कचरा एका बादलीत साठवून संध्याकाळी मावशींकडून वेगळा करून घेत असाल, तर ते आजच थांबवा. त्या बादलीतच सुया टोचतात.

प्रत्येक रंगाचा कचरा पुढे वेगळ्या ठिकाणी जातो.

पिवळी पिशवी कचरा जाळायच्या भट्टीत जाते. तिच्यात रक्त-पू लागलेला कापूस, बँडेज, प्लास्टर, शरीरातून काढलेला भाग आणि मुदत संपलेली औषधं टाका.
लाल पिशवी आधी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), मग श्रेडरमध्ये (तुकडे करणारं यंत्र) जाते आणि ते प्लास्टिक पुनर्वापराला मिळतं. सलाईनच्या नळ्या व प्लास्टिक बाटल्या, सुई काढलेल्या सिरिंज, कॅथेटर, हातमोजे हिच्यात.
पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड, लॅन्सेट.
निळी खूण असलेल्या खोक्यात काचेच्या कुप्या आणि अँप्युल, फुटलेल्या असोत वा अखंड.

सर्वाधिक चुका पिवळ्या पिशवीत होतात. सलाईनची पीव्हीसी नळी भट्टीत गेली की तिच्यातल्या क्लोरीनमुळे डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी संयुगं तयार होऊ शकतात. काचेची कुपी वितळून भट्टीच्या जाळीला चिकटते. आणि पुष्कळांना हे माहीत नसतं: ‘निर्जंतुक करून देतो’ म्हणून कापसावर हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) ओतू नका. भट्टीत जाणाऱ्या कचऱ्यावर क्लोरीनचं जंतुनाशक वापरायचं नाही, असं २०१६ चे जैव-वैद्यकीय कचरा नियमच सांगतात. लॅबमधल्या कल्चर प्लेट (जंतू वाढवलेल्या बशा) आणि नमुने मात्र आमच्याकडे देण्याआधी तुमच्याकडेच निर्जंतुक झाले पाहिजेत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह वापरा.

दंतवैद्यांसाठी: काढलेला दात पिवळ्या पिशवीत, पण त्यात चांदीचं सिमेंट असेल तर नाही. त्यात पारा असतो आणि तो उष्णतेने वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. असे दात वेगळ्या झाकणबंद बरणीत ठेवा आणि आम्हाला आधी सांगा.

हायपोक्लोराइट लागतं ते सांडलेल्या रक्तासाठी आणि गटारात सोडण्याआधी द्रव कचऱ्यासाठी. १ टक्क्याचं द्रावण हवं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ भाग द्रावणाला ४ भाग पाणी. १० टक्के असेल तर ९ भाग. रोज ताजं करा, कारण ऊन आणि उष्णतेने क्लोरीन उडून जातो. खिडकीतल्या जुन्या कॅनमध्ये उरतो तो फक्त वास. सांडलेल्या रक्तावर आधी टिपकागद किंवा जुनं कापड टाका, वरून द्रावण ओता, ३० मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून पुसा. संडास साफ करायचं ॲसिड याच्यात चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

सुईला टोपण पुन्हा लावू नका. हब कटरने (सिरिंजच्या तोंडाशी सुई कापणारं छोटं यंत्र) कापा: सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत. सुई जाळायचं यंत्र वापरत असाल तर सिरिंजच्या तोंडाशी उरलेलं खुंट तपासा, लाल पिशवी फाडतं ते तेच. डबा किंवा पिशवी पाऊण भरली की बंद करा, दाबून आणखी भरू नका.

तरीही सुई टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका. रुग्णाची एचआयव्ही, हिपॅटायटीस बी आणि सी तपासणी करून घ्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांच्या आत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. अपघाताची नोंद ठेवा. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मावशींनाही, हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्या.

पिवळा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नका. दिवाळीत किंवा लागून आलेल्या सुट्ट्यांत दवाखाना बंद राहणार असेल, तर शेवटच्या दिवशी गाडी लावायला दोन दिवस आधी कळवा.