अंगवळणी पडलेली गोळी आणि गोळीचं व्यसन

कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन सुरू झालं, की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "जपून हो, सवय लागेल." चिपळूण-गुहागरकडच्या इतक्या घरांत मी हे ऐकलंय, की आता ऐकताच संताप होतो. या एका वाक्यापायी गोळी उशाशी असूनही माणसं रात्र रात्र कण्हत काढतात.

घोळ 'सवय' या शब्दातच आहे. चहाची असते तीही सवय, आणि कोणी पीत असेल तर झाकून म्हणतो तेही "त्यांना जरा सवय आहे". म्हणून मी मॉर्फिनपुरते दोन शब्द वेगळे ठेवते: औषध अंगवळणी पडणं आणि औषधाचं व्यसन लागणं.

व्यसन काय असतं ते मी सांगायला नको. दारूपायी हापूसची कलमं गहाण टाकणारा एखादा तरी प्रत्येक वाडीत असतो. नुकसान समोर दिसत असतानाही मन तिकडेच धावतं, आणि सगळं आयुष्य आकसून त्या एका वस्तूभोवती गोळा होतं. व्यसन हे असं.

अंगवळणी पडणं हा शरीराचा मामला आहे. काही आठवडे रोज मॉर्फिन मिळालं, की मज्जासंस्था ते गृहीत धरून आपला तोल सांभाळू लागते. ते एकाएकी काढून घेतलं की तोल जातो: घाम फुटतो, नाक वाहतं, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, जीव कासावीस होतो. नियमित मॉर्फिन घेणाऱ्या जवळजवळ कोणाचंही असं होऊ शकतं, मग तो कितीही निर्व्यसनी असो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्यालाही डॉक्टर बजावतात, अचानक बंद करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तेच. पण आजोबांना बीपीच्या गोळीचं व्यसन लागलं, असं कोणी म्हणताना ऐकलंय?

हे मला माझ्या काकांमुळे कळलं, तेही उशिरा. त्यांचा कॅन्सर कण्याच्या हाडात उतरला होता. मॉर्फिन मुंबईहून यायचं. एका गणपतीत गाड्या भरलेल्या, येणाऱ्या भावाचं तिकीट लांबलं आणि गोळ्या संपल्या. दुसऱ्या दिवशी काकांना दरदरून घाम, जुलाब, नुसती तळमळ. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ओटीवर बसलेल्यांनी निकाल देऊन टाकला: "बघा, लागलं व्यसन!" आम्हालाही ते पटलं. भाऊ गोळ्या घेऊन आल्यावरसुद्धा आम्ही दीड दिवस त्या दिल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलेली मात्रा दिली आणि काही तासांत काका शांत झोपले. तो दीड दिवस मला अजून टोचतो.

पुढे त्यांच्या कण्याला रेडिएशन दिलं आणि काही आठवड्यांत दुखणं ओसरलं. डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत मॉर्फिन बंद केलं. काकांनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. उरलेल्या गोळ्या त्यांनी स्वतः मोजून रुग्णालयात परत पाठवल्या. व्यसन असतं तर हे झालं असतं का?

आणखी एका गोष्टीवरून रुग्णाच्या माथी व्यसन मारलं जातं. "सारखे घड्याळाकडे बघत बसतात, वेळेआधीच गोळी मागतात." मागणारच. साध्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो, आणि घरचे भीतीपोटी ते आठ-आठ तासांनी देतात. मधले चार तास माणूस दुखणं सोसत गोळीची वाट बघतो, आणि त्या वाट बघण्याला आपण ओढ म्हणतो. मात्रा पुरेशी आणि वेळेवर मिळाली की हे मागणं थांबतं. व्यसनी माणसाचं मागणं मिळाल्यावर वाढत जातं. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच सांगितलंय की कॅन्सरच्या दुखण्याचं औषध घड्याळाप्रमाणे द्यावं. 'अगदीच सहन होईना तर घ्या' हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं.

मात्रा वाढवावी लागली म्हणजे व्यसन, हेही खरं नाही. बहुतेक वेळा आजार पुढे सरकलेला असतो. सुरुवातीची गुंगी दोन-चार दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहतं, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून हवं. बारा तास हळूहळू औषध सोडणारी गोळी असेल तर ती कुटून देऊ नये, बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

व्यसन कधीच लागत नाही, असं मी म्हणणार नाही. पूर्वी दारूचं किंवा आणखी कसलं व्यसन असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. तेवढ्यावरून ते मॉर्फिन नाकारणार नाहीत, पण लक्ष जास्त ठेवतील. कॅन्सर बरा होऊनही दुखणं मागे राहिलंय आणि पुढे वर्षं काढायची आहेत, अशा माणसाने गोळी अजून लागते का, हे दर भेटीत विचारावं. आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात, घरात मुलंबाळं असतात.

हे औषध अफूपासून बनतं आणि 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, म्हणून गावातल्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं, तरी आपल्याकडून तिथवरचा रस्ता लांबच आहे. त्यात पावसाळ्यात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून शेवटचं पाकीट उघडायची वाट बघू नका. दर चार तासांना एक म्हणजे दिवसाला सहा, दहा दिवसांना साठ. गणपतीची तिकिटं काढाल त्याच दिवशी गोळ्याही मोजा.