स्पॅनिश–अमेरिकन युद्ध

स्पॅनिश–अमेरिकन युद्ध : अमेरिका आणि स्पेन यांच्यात एप्रिल ते ऑगस्ट १८९८ या काळात झालेले युद्ध. त्याला निमित्त स्पेनची वसाहत असलेल्या क्यूबाच्या स्वातंत्र्याचे होते. पहिली मोठी लढाई मात्र झाली पार दुसऱ्या टोकाला, स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपीन्समधल्या मनिलाच्या उपसागरात.

क्यूबात स्पेनविरुद्धचा असंतोष जुनाच. १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षे तिथले लोक लढले आणि हरले. १८९५ मध्ये क्यूबन कवी आणि क्रांतिकारक होसे मार्ती यांच्या प्रेरणेने पुन्हा उठाव झाला. मार्ती त्याच वर्षी मे महिन्यात लढताना मारले गेले. बंडखोरांना गावांतून रसद मिळू नये म्हणून स्पॅनिश सेनापती वेलर यांनी खेड्यापाड्यांतल्या लोकांना घरदार सोडायला लावून पहाऱ्यातल्या छावण्यांत कोंडले. तिथे भुकेने आणि रोगराईने किमान लाखभर माणसे मेली. या युद्धाची चर्चा छावण्यांतल्या या मृत्यूंपासूनच सुरू व्हायला हवी. हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या अमेरिकी वृत्तपत्रांनी या बातम्या तिखटमीठ लावून छापल्या हे खरे, पण मुळातले हाल खोटे नव्हते. शिवाय क्यूबातल्या साखर उद्योगात अमेरिकी भांडवल गुंतलेले होते.

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवाना बंदरात नांगरलेल्या ‘मेन’ या अमेरिकी युद्धनौकेत स्फोट झाला. खलाशी बहुतेक नौकेच्या पुढच्या भागात झोपलेले होते आणि नेमका तोच भाग उडाला. २६० हून अधिक जण दगावले. पाण्यातल्या सुरुंगामुळे स्फोट झाला, असा निष्कर्ष अमेरिकी नौदलाच्या चौकशीने काढला. स्पेनच्या चौकशीने कारण नौकेच्या आतच असल्याचे सांगितले. १९७६ मध्ये अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासगटालाही आतलेच कारण अधिक संभवनीय वाटले: कोठीतला कोळसा आपोआप धुमसला असावा आणि त्याची धग लगतच्या दारूगोळ्याला लागली असावी. १८९८ मध्ये मात्र एवढे थांबायला कुणी तयार नव्हते. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली आधी युद्ध टाळू पाहत होते, तेही अखेर वाकले. क्यूबा गिळंकृत करणार नाही, अशी हमी देणारी टेलर दुरुस्ती काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) मंजूर केली आणि एप्रिलअखेर युद्ध जाहीर झाले.

१ मे रोजी कमोडोर ड्यूई यांच्या ताफ्याने मनिलाच्या उपसागरातले स्पॅनिश आरमार काही तासांत निकामी केले. क्यूबात १ जुलैला सान ह्वान टेकडी पडली. त्या लढाईने थिओडोर रूझवेल्ट घरोघरी माहीत झाले. ३ जुलैला सांतियागो बंदरातून निसटू पाहणारा स्पॅनिश अॅडमिरल सेर्वेरा यांचा ताफा बुडाला आणि १७ जुलैला शहर शरण आले. त्या भागात वर्षानुवर्षे लढलेल्या क्यूबन सेनापती कालिस्तो गार्सिया यांच्या सैनिकांना मात्र शहरात पाऊल ठेवू दिले नाही.

मनिलातही तेच घडले. शहर फिलिपिनो क्रांतिकारकांच्या हाती जाऊ नये म्हणून स्पॅनिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी आतून संगनमत केले आणि १३ ऑगस्टला लुटुपुटूची लढाई करून शरणागती उरकली. वॉशिंग्टनमध्ये आदल्याच दिवशी युद्धबंदीवर सह्या झाल्या होत्या, पण तारेची केबल ड्यूई यांनीच तोडली असल्याने मनिलाला पत्ता नव्हता.

लढाईत ४०० पेक्षा कमी अमेरिकी मेले. विषमज्वर, पीतज्वर आणि हिवताप यांसारख्या रोगांनी दोन हजारांहून अधिक. १० डिसेंबरच्या पॅरिस तहाने स्पेनने क्यूबावरचा हक्क सोडला, प्वेर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला दिले आणि दोन कोटी डॉलरच्या बदल्यात फिलिपीन्सही. वाटाघाटींत क्यूबन वा फिलिपिनो प्रतिनिधींना स्थान नव्हते. फिलिपिनो क्रांतिकारकांचे नेते आगिनाल्दो यांनी १२ जूनलाच फिलिपीन्सचे स्वातंत्र्य जाहीर केले होते, तेही कुणी जमेस धरले नाही. ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाजवळ अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला. दोन दिवसांनी अमेरिकी सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला.