कर तिकिटावर होता, बसण्यावर नव्हता

बैठ्या करमणुकीवर कर लावला तर लोक उठून हिंडूफिरू लागतील, ही सूचना अधूनमधून पुढे येते. करमणुकीवरचा कर आपल्याकडे शंभर वर्षांचा जुना आहे. पण त्या शंभर वर्षांत तो लोकांच्या तब्येतीसाठी कधीच नव्हता, आणि ही सूचना तपासताना हीच गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी.

पहिल्या महायुद्धाचा खर्च भागवायला ब्रिटनने १९१६ मध्ये करमणूक कर बसवला. मुंबई इलाख्याने १९२३ मध्ये तसाच कायदा केला. कोकणातले रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) हे जिल्हे इलाख्यातले. सावंतवाडी आणि जंजिरा मात्र संस्थानं, त्यामुळे इलाख्याचा कायदा तिथे आपोआप लागू होत नव्हता. कायद्याची नजर होती दारावर: पैसे घेऊन आत सोडलं की ती करमणूक. त्यात खेळांचे सामनेही आले. म्हणजे तिकीट लावून कबड्डीचे सामने भरवले तर तेही करपात्र, आणि जत्रेतला दशावतार बघत लोक पहाटेपर्यंत मांडी घालून बसले तरी कर नाही, कारण तिकीटच नाही. पुढे मराठी चित्रपटांना करमाफी मिळाली, तीही भाषेसाठी.

रेडिओचं प्रकरण वेगळं. तो घरात ठेवायला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ऐंशीच्या दशकात ही फी गेली. त्याच सुमारास आखातात कामाला गेलेल्यांनी रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीतल्या गावांत टीव्ही आणि व्हीसीआर आणले. मागून केबल आली, तेव्हा करमणूक कर तिथवरही पोचला. अखेर १ जुलै २०१७ ला तो जीएसटीत विलीन झाला.

आरोग्याचा धागा दुसरीकडून आला. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे ब्रिटिश वैद्यकीय संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये मांडलं. कराचं हत्यार मात्र बसण्यावर चाललं नाही, ते खाण्यापिण्यावर चाललं. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर घेतला. डेन्मार्कने चरबीयुक्त पदार्थांवर २०११ मध्ये लावलेला कर २०१३ उजाडताच मागे घेतला. गोड पेय लिटरने मोजता येतं. पडवीत मोबाइल घेऊन बसलेल्याचे तास कोण मोजणार?

आणि मोजावेत असं मला वाटतही नाही. मुलं मुंबईला, घरात एकटी म्हातारी आणि तिला सोबत टीव्हीची. तिच्याकडून पैसे घेऊन कोणाची तब्येत सुधारणार? तरुणांची गोष्ट निराळी आहे. २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती, असं ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात आढळलं. पण कोकणात उतार फार, सपाट जागा मुळातच थोडी. भात कापून झालं की मोकळ्या मळ्यात फक्कीने रेघा मारायच्या आणि कबड्डी खेळायची, हेच अनेक वाड्यांचं मैदान. त्यातले कितीतरी मळे आता चिऱ्याच्या गडग्याआड, म्हणजे दगडी कुंपणाआड गेले. पावसाळ्याचे चार महिने तर खेळायला छप्पर असलेली जागाच नसते.

कराच्या दरांत थोडा फरक पडला आहे. सप्टेंबर २०२५ पासून सायकल, खेळाचं साहित्य आणि व्यायामशाळेची फी यांवर ५ टक्के जीएसटी आहे, टीव्ही आणि मोबाइलवर १८. पण त्याच फेरबदलात मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ वर उतरला, तेव्हा यामागे आरोग्याचं धोरण आहे असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

जीएसटीसाठी घटना बदलली तेव्हा राज्यसूचीतल्या (राज्यांच्या अधिकारातल्या विषयांच्या यादीतल्या) ६२ व्या नोंदीत करमणुकीवरचा कर शिल्लक राहिला तो फक्त पंचायती आणि नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांपुरता. बैठ्या करमणुकीवर कर घ्यायचाच असेल तर तो याच वाटेने घ्यावा, आणि गावात गोळा झालेला पैसा गावातल्याच मैदानाच्या सपाटीकरणाला आणि छपराला लागावा. मैदान नसलेल्या वाडीत हा कर घेऊच नये.