नेटवर्क पडल्यावरही उघडी राहणारी वाट : कन्सोल सर्व्हरची पहिली जुळणी

पाऊस धरला की पेडणे-सत्तरीच्या बाजूला झावळ्या तारांवर पडतात आणि वीज दिवसभर ये-जा करते. अशा हिसक्यांत राउटर अर्धवट उठून अडकला, तर पणजीत बसलेल्याला तो नेटवर्कवरून दिसत नाही. उरतो फक्त त्याचा सिरियल कन्सोल पोर्ट, म्हणजे नेटवर्क नसतानाही वायर लावून यंत्राशी थेट बोलण्याचे तोंड. अनेक यंत्रांचे असे पोर्ट एका पेटीत आणून दुरून एसएसएचने (सांकेतिक, सुरक्षित जोडणीने) उघडून देतो तो कन्सोल सर्व्हर. त्याचे सेटिंग करताना एकच पाहायचे : ज्या नेटवर्कला सावरायचे, त्याच्याच जिवावर ही पेटी उभी नाही ना?

नेटवर्कची वायर लावण्याआधी लॅपटॉप यूएसबी-सिरियल वायरने पेटीच्या स्वतःच्या कन्सोल पोर्टला जोडा आणि कारखान्याचा पासवर्ड बदला. मग यंत्राचे नाव, स्थिर आयपी पत्ता, सबनेट मास्क (आपले नेटवर्क कुठवर ते सांगणारा आकडा), गेटवे (बाहेरच्या नेटवर्कला जाण्याचे दार). डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळण्याची सोय) नको, कारण पत्ता वाटणारा राउटरच झोपलेला असू शकतो. गेटवे राहून गेला तर त्याच खोलीतून सगळे सुरळीत चालते आणि बाहेरून काहीच उघडत नाही. टेलनेट (दुरून लॉगिनची जुनी पद्धत) बंद करा. त्यात पासवर्ड उघडाच जातो. घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जोडा, नाहीतर नोंदींचा क्रम लागत नाही. लॉगिन रेडियस सर्व्हरकडून (नेटवर्कवरून पासवर्ड तपासणाऱ्या यंत्राकडून) होत असेल, तरी पेटीतच एक स्थानिक खाते राखून ठेवा.

खरी डोकेदुखी सिरियल पोर्टांची. बरीच यंत्रे ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट यावर बोलतात. काही ११५२०० वर. बॉड चुकला की पडद्यावर अगम्य चिन्हे येतात. काहीच येत नसेल तर वायर पाहा. आरजे-४५ चे (नेटवर्कच्या वायरीला असते ते) तोंड सारखे असले तरी पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. कुठे सरळ वायर चालते, कुठे १ची पिन ८ला आणि २ची ७ला जाणारी रोलओव्हर लागते. अक्षरे दिसतात पण टाइप केलेले पोचत नाही? बहुधा हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून ‘थांब’, ‘पाठव’ सांगण्याची सोय) चालू आहे आणि वायरीत त्या तारा नाहीत. ते बंद करा. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणून ९६०० बॉडला सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरे जातात, तेव्हा लांबलचक नोंदी सरकायला वेळ लागला तर वायरीला दोष देऊ नका. प्रत्येक पोर्टाला यंत्राचे नाव द्या. ‘पोर्ट ७’ म्हणजे कोण, हे रात्री दोनला कुणाला आठवणार?

सिरियल वायर १५ मीटरच्या आत आणि एकाच इमारतीत असावी. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते. वीज कडाडली की तो फरक वायरीतून वाहतो आणि पोर्ट जळतात. मधले अंतर फायबरने कापावे. किनाऱ्याजवळ खारी हवा पिनांना गंज चढवते, म्हणून मोकळ्या पोर्टांना टोपण हवे.

पेटी यूपीएसवर ठेवा आणि तिला सिम असलेला मोडेम द्या. मात्र साध्या सिमला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, बाहेरून थेट शिरता येत नाही. पेटीनेच व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट) जोडून बाहेर हाक मारावी असे ठरवावे लागते. त्या व्हीपीएनचे दुसरे टोक त्याच राउटरमागे नको.

शेवटी सेटिंग जतन करा, पेटी बंद करून चालू करा, मुख्य राउटरची वायर उपटा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तिचा प्रत्येक पोर्ट उघडून पाहा.