सुरमईच्या ट्रोलिंगला येताय? गुंत्याबद्दल थोडे

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत मासे धरणे. निवतीहून आमच्या बोटीने त्यासाठी येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांनी खाडीत किंवा जेटीवरून मासे धरलेले असतात. त्यामुळे रॉड कसा धरायचा हे शिकवत बसत नाही. पण सकाळचा मोलाचा वेळ खाते ती एकच गोष्ट: गुंता. आणि तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने होतो, कुणीतरी आपल्या मनाने दोरी वाढवतो.

आम्ही चार रॉड लावतो. मागच्या दोघांच्या दोऱ्या जवळ, त्यांची ल्युअर (नकली आमिषे) खोल जाणारी. कडेच्या दोघांच्या लांब, त्यांची ल्युअर वरच्या पाण्यात पळणारी. बोट वळली की लांबच्या दोऱ्या जवळच्यांच्या वरून निघून जाव्यात, यासाठी ही मांडणी. ‘बोटीपासून दूर गेले की मोठा मासा लागेल’ म्हणून तुम्ही दहा मीटर आणखी सोडलेत, की पुढच्या वळणावर चारांपैकी दोन तरी एकमेकांत जातात. वळणे तर घ्यावीच लागतात. वळताना आतल्या बाजूचे ल्युअर मंदावते, बाहेरचे वेग घेते, आणि सुरमई पुष्कळदा नेमकी तेव्हाच झडप घालते. दोरी बोटीच्या पंख्यात गेली तर मग इंजिन बंद, आणि खडकांजवळ वाऱ्यावर वाहत जाणे कुठल्याच तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, आवडत नाही.

आमचा जाड टंगूस (एकेरी नायलॉनची दोरी) बघून काही जण हसतात. स्वतःची ब्रेडची, म्हणजे विणलेल्या दोरीची, रीळ आणलीत तर हरकत नाही, पण ब्रेडचा गोळा झाला की सुरीच लागते. टंगूस बहुतेक वेळा सुटतो, शिवाय ताणला जात असल्याने पहिला हिसका तोच झेलतो. दोरीच्या टोकाला, ल्युअरच्या आधी, वायर मात्र हवीच. नुसत्या नायलॉनवर सुरमई दात मारते आणि महागडे ल्युअर घेऊन जाते.

मासा लागून रीळ वाजले की ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळू नका. तो दोरीच्या ताकदीच्या पावपटीवर लावलेला असतो, पहिली धाव घेऊ द्या. एकाने रॉड घ्यावा, बाकीच्यांनी आपापली दोरी गुंडाळावी. तांडेल बोट लगेच थांबवत नाही, यावरून मागे एक काका बरेच चिडले होते. पण थांबवली तर दोरी ढिली पडते आणि माशाच्या तोंडातली गरी सुटते.

वेग पाच नॉटच्या आसपास असतो, त्याहून फार पळवले तर आमची ल्युअर पाण्याबाहेर उड्या मारतात. रॉडचे टोक थरथरायचे थांबले तर लगेच सांगा, गवत किंवा प्लास्टिक अडकलेले असते.

उजाडायच्या आत निघतो, कारण दुपारकडे खारा वारा चढतो. नाश्ता बोटीवर मिळेल, घावणे आणि चहा. ३७ सेंटिमीटरपेक्षा लहान सुरमई परत सोडतो, त्यावर वाद नको. सरकारने ठरवलेला किमान आकार तोच आहे.

एका फेरीत चारच पाहुणे घेतो, म्हणून माणशी दर थोडा जास्त पडतो. रॉड, रीळ, लाइफ जॅकेट आणि मासा साफ करून बर्फात देणे त्यातच आले. जून-जुलैत बंदी असते. बुकिंग ऑक्टोबरपासूनचे घेतो, शनिवार-रविवार आधी भरतात, मधल्या वारी आलात तर दरात सवलत आहे.